आमच्या सायीचा चोर

दुधाकडं संशयानं बघायचं, हा माझा धंदा. एकतीस वर्षं झाली, आमच्या वस्तीच्या डेअरीत मी दुधाची फॅट काढतो, म्हणजे मशीनवर मोजतो. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, ती बी निम्मी म्हशीमागं. पण किटलीचं झाकण उघडलं की नुसत्या वासावर सांगीन, दूध कोणाचं आन् पाणी कोणत्या विहिरीचं. मशीन मागनं तेच सांगतं. लोक तोंडावर मला भागुजीआबा म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात ते बी मला ठाऊक हाये.

वारूळवाडीच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. घरात मी, आमची मंडळी द्रौपदा, सून ज्योत्स्ना आन् नात अमृता. पोरगा रत्नदीप चाकणला कंपनीत, रविवारचा येतो. गोठ्यात एक म्हैस. तिचं दूध डेअरीला घालत न्हाई, घरीच ठेवतो. त्यामुळं तुपाचा तोटा आमच्याकडं कधी पडला न्हाई. पडला तो ह्या साली, पहिल्यांदा.

दसऱ्याच्या महिनाभर आधीचा गुरवार. दर गुरवारी द्रौपदा आठ दिवसाची साय घुसळती. मी वसरीला चहा पीत बसलो व्हतो. रवीचा आवाज थांबला आन् आतनं हाक आली, "अवो, जरा हिकडं या."

गेलो. पातेल्यात ताक, आन् ताकावर लोण्याचा गोळा. गोळा कसला, लिंबू व्हतं लिंबू.

"एवढंच?" म्हणलं.

"मागल्या गुरवारी बी एवढंच. त्याच्या मागल्या बी. मला वाटलं, डोळ्यातल्या मोतीबिंदूनं बारीक दिसतंय. आज हातात घेऊन बघितलं. न्हाई, बारीकच हाये."

"म्हशीनं फॅट सोडली असंल."

"तुमी फॅट काढता ना गावाची? मग काढा घरची."

दुसऱ्या दिवशी धारेचं दूध बाटलीत घेऊन गेलो. मशीनला लावलं. सात पॉइंट तीन. म्हशीचं काय चुकत नव्हतं. म्हणजे गोठ्यात फॅट हाये आन् लोण्यात न्हाई. गोठा ते रवी, ह्या वाटंत कोणीतरी बसलंय.

माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

वाट सांगतो. संध्याकाळचं दूध तापवून जाळीच्या कपाटात. सकाळपर्यंत त्याच्यावर साय धरती, जाड, भाकरीच्या पापुद्र्यागत. ती झाऱ्यानं उचलून डब्यात, डबा फ्रिजात. हे काम आधी द्रौपदा करायची. डोळ्याचं सुरू झाल्यापासनं अमृता करती.

म्हणून पहिला संशय तिच्यावरच गेला. पंधरा वर्षांची पोरगी, दहावीला. कबड्डी खेळती. रेडर हाये, एकदा आत घुसली की दोघी-तिघींना हात लावूनच येती. बारीक व्हती तवा सायसाखरेची वाटी चाटून पुसून वर म्हणायची, "आबा, अजून."

विचारलं सरळ, "अमे, साय खातीस का गं?"

"न्हाई आबा."

"खरं?"

"शप्पथ."

मी तिच्याकडं नीट बघितलं. मनगटं काटकीसारखी, गालफडं बसलेली. साय खाणारं अंग लपत न्हाई. म्हणलं, ही न्हाई. पोरगी खरं बोलती. आन् खरंच बोलत व्हती. शपथ बी खोटी नव्हती. पण मी प्रश्नच अर्धा विचारला व्हता, ते मला मागनं कळलं.

मग मांजर. जाळीला कडी हाये, मांजराला कडी निघत न्हाई. शेजारी? दिवसभर दाराला द्रौपदा. आमचं कुत्रं, ढवळ्या, ते गोठ्यामागं बांधलेलं. ते तेवढं लई टकाटक झालं व्हतं. पाठ अशी चमकायची की बघत ऱ्हावं. मी म्हणलं, पावसाळा मानवला असंल. बघा आता. एकतीस वर्षं सँपल बघणारा माणूस मी, आन् माझ्या पुढ्यात सँपल शेपूट हलवत व्हतं.

राहिली सून.

ज्योत्स्ना तळेघरची. डोंगरातली. भात आन् नाचणीचा मुलूख, दिवसाला मोजक्या यष्ट्या, बाकी पायानं. तिचा भाऊ रुपेश नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात क्रेट भरायला. हप्ताभर हिकडं, शनवारी घरी जातो. जाता जाता बहिणीकडं चहाला. येताना त्याच्या पिशवीत स्टीलचा डबा असायचा आन् जाताना बी असायचा. हे मी तीन शनवार बघितलं. चौथ्या शनवारी मी डेअरीतनं लवकर निघालो.

रुपेश चहा संपवून उठला. पिशवी उचलली. मी दारात.

"पावणं, निघाला?"

"व्हय आबा. यष्टी चुकंल."

"डबा जड दिसतोय."

"हाये थोडा."

"काय हाये त्यात?"

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी पिशवीला हात घातला तवा त्याचं हसू गेलं. ज्योत्स्ना चुलीपासनं उठून आली.

"आबा, काय करताय?"

"काय न्हाई. घरातनं काय चाललंय, ते घरच्याला कळू द्या जरा."

झाकण उघडलं. माझी खात्री व्हती, तूप. पिवळं, रवाळ, आमच्या म्हशीचं.

आत काळी चटणी. खुरासणीची. डोंगरात करतात ती, खुरासणी म्हणजे कारळं भाजून, लसूण-मिरची घालून कुटलेली. बोटाला तेल सुटंल अशी. काठोकाठ भरलेला डबा, एक चमचा बी काढलेला नव्हता.

"ही घेऊन चाललास?" मी विचारलं.

रुपेशचा आवाज उतरला. "परत घेऊन चाललोय आबा. माझी आई भाचीसाठी कुटती. पोरगी खेळती, तिला ताकद पायजे म्हणून. चार शनवार झालं, अमृता म्हणती, मामा, परत न्या. आईला काय सांगू? ती म्हणती, गरिबाघरचं आता तिच्या तोंडाला लागत न्हाई."



ज्योत्स्नानं डबा माझ्या हातनं घेतला, झाकण लावलं, भावाच्या पिशवीत ठेवला. मग माझ्याकडं बघितलं. "सतरा वर्षं झाली मला ह्या घरात. आज माझ्या भावाची पिशवी तपासली तुमी. डेअरीत लोकांच्या किटल्या बघता तशी."

"सूनबाई, माझं तसं..."

"तुमचं तसंच व्हतं आबा."

रुपेश गेला. नेहमीसारखं "जय भीम आबा" म्हणला, पण बघितलं न्हाई माझ्याकडं. द्रौपदा आतनं म्हणाली, "झालं समाधान? आता माझी बी झडती घ्या." दोन दिवस मला जेवण वाढलं, पण कोणी वाढून थांबलं न्हाई.

आता शहाणा माणूस इथं गप बसला असता. मला झोपताना-उठताना एकच दिसायचं. चटणीचा भरलेला डबा. पोरगी चटणी का परत करती? खुरासणीची चटणी तिचा जीव की प्राण. लहानपणी नुसत्या भाकरीशी डबा फस्त करायची. आन् खुरासणीत काय असतं? तेल. सायीत काय असतं?

फॅट.

सोमवारी सकाळी अमृता दूध प्यायली आन् पेला मोरीत ठेवला. तळाला घोटभर राहिलं व्हतं. मी ते बाटलीत वतलं, खिशात घातलं, आन् डेअरीत सगळी गर्दी गेल्यावर मशीनला लावलं. एक पॉइंट दोन. गोठ्यात सात पॉइंट तीन, नातीच्या पेल्यात एक पॉइंट दोन! कोणा गवळ्यानं असलं दूध आणलं असतं तर मी किटली रस्त्यावर उपडी केली असती.

मंगळवारी मी रोजच्यासारखा डेअरीला निघालो, वळणापर्यंत गेलो आन् ओढ्याच्या अंगानं माघारी आलो. गोठ्यात म्हशीच्या आड उभा राहिलो. म्हैस माझ्याकडं बघायला लागली, हा येडा इथं काय करतोय म्हणून.

अमृता आली. शाळेच्या कपड्यात, पाठीवर दप्तर. एका हातात दुधाचं पातेलं, दुसऱ्या हातात झारा. गोठ्यामागं गेली. झारा अलगद फिरवला, सगळी साय एका दमात उचलली आन् ढवळ्याच्या भांड्यात टाकली. बोटाएवढा तुकडा ठेवला बाजूला, डब्यात टाकायला. हात किती सफाईदार! कुत्रं तर तयारच बसलेलं, त्याला वेळ ठाऊक.

"अमृता!"

पोरगी अशी दचकली की पातेलं हातनं सुटलं. दूध सगळं शेणात. मी बाहेर आलो. राग व्हता, लई राग व्हता. तुझ्यापायी मी सुनेच्या भावाची पिशवी उघडली, आन् तू हितं कुत्र्याला साय घालतीस! असं सगळं तोंडावर आलं व्हतं.

"का केलंस हे?"

"आबा, तूपच झालं न्हाई तर ताटात कुठनं पडंल?"

"म्हणजे?"

"आजीला नको म्हणलं तरी ती भाकरीवर तूप घालतीच. वाढायला नको म्हणलं तर रडती. मग मी..." आन् बोलता बोलता तिनं गव्हाणीला हात धरला. तोंड पांढरं पडलं. खाली बसली, बसली कसली, घसरलीच. "काय न्हाई आबा. सकाळी असं व्हतं. जातं आपोआप."

"कधीपासनं व्हतंय?"

"दीड महिना."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी तिच्याशेजारी शेणातच बसलो. "कोणी घातलं हे डोक्यात? मास्तरनी? का त्या मोबाइलातल्या बायांनी?"

ती माझ्याकडं बघंना. "मोबाइलात नंतर बघितलं. तेल बंद, तूप बंद, दाणं बंद, म्हणजे वजन उतरतं. आधी तुमी म्हणालात."

"मी?"

"तुमीच. जुलैत. डेअरीत."

आन् मला आठवलं.

शाळा सुटल्यावर ती डेअरीवरनं घरी येती. त्या दिवशी लोक रांगंत व्हतं. मी लाडात म्हणलं, "या बाईसाहेब, आज तुमचं बी माप घेऊ." कॅन तोलायच्या काट्यावर तिला उभी केली. आकडा आला छप्पन्न. मी सगळ्या रांगंला ऐकू जाईल असं वरडलो, "छप्पन्न किलो! फॅट चांगली लागलीया!" कुंडलिक म्हणून एक गवळी हाये आमचा, त्याचं हसू म्हणजे घोड्याचं खिंकाळणं. तो खिंकाळला, मग सगळी रांग. ती बी हसली व्हती. मला वाटलं, हसली.

"सतरा वर्षांखालच्या पोरींना पंचावन्नच्या आत वजन लागतं आबा," ती म्हणाली. "तालुक्याची निवड जुन्नरला हाये, दिवाळीआधी. एक किलोनं बाहेर व्हते मी. आन् परत सगळ्यांनी..."

त्या दिवशी शाळा राहू दिली. मी, ज्योत्स्ना आन् द्रौपदा, तिघं तिला घेऊन नारायणगावला डॉक्टरीणबाईंकडं गेलो. दप्तर काढायचं कोणाच्या ध्यानातच आलं न्हाई. जीपमध्ये ज्योत्स्ना माझ्याशी बोलली न्हाई. पण पोरगी मधे बसलेली, तिचा एक हात तिच्या आईनं धरला व्हता, एक मी.

तिथं नर्सनं वजनाचा काटा दाखवला. अमृता चढायला लागली तशी नर्स म्हणाली, "अगं बाई, आधी दप्तर काढ. पाच किलो त्याचंच असंल."

दप्तर जमिनीवर धपकन आलं. आन् मला जुलैतला तो दिवस परत आठवला.

शाळा सुटल्यावर. डेअरीवरनं. म्हणजे पाठीवर दप्तर.

"त्रेचाळीस," नर्स म्हणाली.

"आधी किती होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छप्पन्न," अमृता म्हणाली.

"छप्पन्न न्हाई," मी म्हणलं. "एक्कावन्न. पाठीवर दप्तर व्हतं तिच्या. मी दप्तरासकट तोललं."

एकतीस वर्षं लोकांच्या कॅनचं वजन वजा करून दूध मोजतोय मी. रिकाम्या कॅनचं माप वजा केल्याबगर एक लिटर कधी लिहिलं न्हाई. आन् नातीचं दप्तर वजा केलं न्हाई. सगळ्या तालुक्यावर संशय घेतला, माझ्या काट्यावर तेवढा घेतला न्हाई.

अमृतानं माझ्याकडं बघितलं. "म्हणजे मी बसत व्हते आबा? आधीच?"

"चार किलो आत व्हतीस."

ती रडली न्हाई. रडली असती तर बरं झालं असतं.

मग द्रौपदानं डॉक्टरीणबाईंच्या कानाशी जाऊन सांगितलं, की पोरीनं दोन महिने घरात काही मागितलं न्हाई, महिन्याचं. बायकांचं बोलणं म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघत बसलो. पण ऐकू येत व्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मला बोलवून घेतलं. "आजोबा, तुम्ही फॅट मोजता ना? मग हे तुम्हाला लवकर समजेल. या वयात मुलीचं शरीर घडत असतं. तिनं जेवणच निम्मं केलंय, आणि त्यातलं तेल-तूप तर पुसूनच टाकलंय. पाळी ज्याच्या जोरावर येते ते अंगात तयार व्हायला चरबी लागते. मेंदूला लागते. भाजीतली काही जीवनसत्त्वं तर तेलाशिवाय अंगात शिरतच नाहीत. म्हणून पाळी थांबली, चक्कर येते, केस गळतात."

"मग काय, वडापाव खाऊ द्या का तिला?"

"तसं नाही हो. एकच तेल दहा वेळा उकळून तळलेलं रोज कशाला? शेंगदाणे, तीळ, दूध, अंडं, मासे, भाकरीवर चमचाभर तूप. घरात जे आहे तेच. खुरासणी मिळते का तुमच्याकडे?"

मी ज्योत्स्नाकडं बघितलं. ज्योत्स्ना म्हणाली, "मिळती. आमच्या आईकडं."

"उत्तम. आणि रक्त तपासू, दर आठवड्याला इथं येऊन वजन करायचं. वजन वर येईपर्यंत मैदान बंद."

"निवड?" अमृतानं विचारलं.

"या वर्षी नाही बाळा."

तवा रडली. आईच्या खांद्यावर तोंड घालून रडली, आन् मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

पुढच्या शनवारी मी रुपेशच्या मागं यष्टीत चढलो. तो म्हणाला, "आबा, तुमी कुठं?" म्हणलं, "तुझ्या आईचं देणं हाये." यष्टीनं सोडल्यावर अर्धा तास चढ. म्हातारी अंगणात नाचणी वाळवत व्हती. मी खाली बसलो आन् सगळं सांगितलं, पिशवीचं बी. म्हणलं, इहीणबाई, तुमची चटणी पोरीला गरिबाघरची वाटली न्हाई. माझ्या जिभेनं तिच्या तोंडातनं काढली. म्हातारी उठली. आत गेली, ताट घेऊन आली. भाकरी आन् काळी चटणी. "आधी खा," म्हणाली. "मग माफी मागा." निघताना तोच डबा भरून दिला.

डेअरीतल्या काट्यावर आता अमृताच्या हातचा कागद चिकटवलाय. "इथे फक्त कॅन." कुंडलिकनं वाचला आन् म्हणाला, "का वो आबा, नातीचं माप संपलं का?" मी त्याची किटली तशीच ठेवली आन् म्हणलं, "कुंडलिक, माझ्या काट्यावर माझी नात दप्तरासकट उभी राहिली, आन् आपण सगळं हसलो. मी बी आन् तू बी. पोरीची निवड गेली त्यापायी." दुसऱ्यांची दुधं आधी घेतली, त्याची किटली मागनं मोजली.

ज्योत्स्ना आता बोलती. पहिल्यासारखं न्हाई, पण चहा देऊन थांबती. ह्या रविवारी डॉक्टरीणबाईंकडं पंचेचाळीस भरलं. दप्तर काढून.

आन् मी? मी सुधारलो म्हणाल तर न्हाई. अमृता भाकरीवर तूप घालून माझ्यासमोर बसती, घास मला दाखवून तोंडात घालती आन् म्हणती, "बघा आबा, गेला." मी म्हणतो, "मी कुठं बघतोय?" पण सकाळी डेअरीला जाताना मी गोठ्यामागनं जातो. ढवळ्याच्या पाठीवरनं हात फिरवतो, बरगड्या चाचपतो. जरा वाळलाय. चमक गेलीय पाठीची. मला बरं वाटतं.

ते कुत्रं मात्र रिकाम्या भांड्याकडं बघतं, मग माझ्याकडं बघतं. त्याचा सगळा संशय माझ्यावर.